शेडूल म्हंजी काय?

१९७४ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावी कॉलेजात नाव घालायला गेलो होतो. खिडकीपुढं ही लांब रांग. आतला कारकून मान वर न करता ओरडला, "शेडूलवाले बाजूला व्हा, तुमचं मागनं बघू." आम्ही सातआठ पोरं रांगेतनं निघालो आणि भिंतीकडंला जाऊन उभी राहिलो. कुणी ढकललं नाही, शिवी दिली नाही. गावात आमच्यासाठी जे शब्द होते त्यातला एकही त्यानं वापरला नाही. एक साधा इंग्रजी शब्द उच्चारला आणि रांग दोन ठिकाणी झाली.

घरी यायला उशीर झाला. आजीनं कारण विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "शेडूल? आता ह्ये नवीन नाव काढलं व्हय आपलं? शेडूल म्हंजी काय रं?" मॅट्रिकला मला इंग्रजीत बरे मार्क होते, पण सांगता येईना. दुसऱ्या दिवशी कोश बघितला. वेळापत्रक, यादी, परिशिष्ट असे अर्थ दिलेले. आजीला म्हटलं, "यादी गं." ती म्हणाली, "कसली यादी? आन् केली कुणी?"

मित्रहो, आपण हा शब्द रोज वापरतो. फॉर्मवर लिहितो, दाखल्यावर वाचतो, मोर्चात ओरडतो. एस.सी. म्हणजे शेड्यूल्ड कास्ट, म्हणजे अनुसूचित जाती, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक. पण आजीचे दोन प्रश्न आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांना सुटतील?

तर आधी शब्द. ह्याचं मूळ लॅटिनमध्ये. नाईल नदीच्या काठी पपायरस नावाची लव्हाळ्यासारखी वनस्पती होते, तिच्या दांड्यापासून जुने लोक लिहायचा कागद करत. त्याच्या पट्टीला लॅटिनमध्ये 'स्केडा' म्हणत, आणि लहान पट्टीला 'स्केडुला'. म्हणजे चिठ्ठी, चिटोरं. फ्रेंचांनी त्याचं 'सेद्यूल' केलं, त्यांच्याकडून ते इंग्रजांनी घेतलं. मग इंग्रज पंडितांना लॅटिन वळणाच्या स्पेलिंगची हौस आली आणि उच्चाराचा घोळ होऊन बसला. इंग्रज शेड्यूल म्हणतो, अमेरिकन स्केड्यूल. आपल्यावर राज्य इंग्रजांचं, म्हणून आपण शेड्यूल, आणि वस्तीत आल्यावर शेडूल. स्पॅनिश बोलणाऱ्या कितीतरी देशांत ह्याच शब्दाचं 'सेदुला' झालंय आणि तिथं तो माणसाच्या ओळखपत्राला म्हणतात. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. चिटोऱ्याचं ओळखपत्र व्हायला आपण स्पेनपर्यंत जायची गरज नव्हती.

वेळापत्रक हा अर्थ फार उशिरा आला, एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेत, रेल्वेच्या गाड्यांबरोबर. आज साहेब लोक "माझं शेड्यूल टाईट आहे" म्हणतात ते तिकडचं. आपल्याला चिकटला तो जुना, कायद्यातला अर्थ: मोठ्या दस्तऐवजाला मागं टाचलेली चिठ्ठी. कायदा पुढं तत्त्व सांगतो, आणि कुणाला लागू, किती, कुठं, हा तपशील मागच्या शेड्यूलमध्ये टाकतो. इंग्रजांची ही खोड जुनी. १८३२ साली त्यांनी आपल्या पार्लमेंटच्या सुधारणेचा कायदा केला, त्याला अशाच याद्या जोडल्या होत्या. 'अ' यादीत ५६ गावं. त्यांत ओल्ड सॅरम नावाचं एक, तिथं माणूस राहत नव्हता तरी दोन खासदार निवडून जात, कारण मतं जमीनदाराच्या खिशात. ह्या ५६ गावांचे सगळे खासदार काढून घेतले. 'ब' यादीतल्या ३० गावांचा एकेक काढला. म्हणजे प्रतिनिधित्व कुणाला द्यायचं आणि कुणाचं काढायचं हे याद्या टाचून ठरवायची सवय त्यांना आधीपासूनची. आपल्याकडं त्यांनी आणखी एक यादी केली होती, १८७१ ची. गुन्हेगार जमातींची. त्या यादीत नाव आलं की जन्मलेलं पोर गुन्हेगार. १९५२ साली ती यादी गेली, पण पारध्याच्या पालावर पोलिसाची काठी अजून तीच यादी वाचते. तेव्हा यादी ही चीज चांगली की वाईट असं सरसकट बोलू नका. यादीनं काय दिलं आणि काय काढून घेतलं ते विचारा.

आता आपल्या यादीकडं. १९३५ च्या आधी सरकारदरबारी आपलं नाव 'डिप्रेस्ड क्लासेस' होतं. विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ साली मिशन काढलं ते ह्याच नावानं. डिप्रेस्ड म्हणजे दाबलेले. आज हा शब्द मनाच्या आजाराला वापरतात. ह्या नावात लाचारीचा वास होता हे खरं, पण त्यात एक गोष्ट होती. दाबलेला म्हटलं की दाबणारा कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. तरी आपल्या लोकांना ते नाव नको होतं. १९३१ च्या नोव्हेंबरात, दुसऱ्या गोलमेज परिषदेत, बाबासाहेब आणि मद्रासचे रावबहादूर श्रीनिवासन यांनी पुरवणी निवेदन दिलं त्यात नावाचा मुद्दा वेगळा घातला. हे नाव हीनपणाचं आहे, नवी घटना होतेच आहे तर ते बदला, असं त्यांनी सांगितलं आणि पर्यायही सुचवले. एक पर्याय होता 'प्रोटेस्टंट हिंदू'. मानायचं नाकारणारे, निषेध करणारे. इंग्रज सरकारनं हे घेतलं नाही. घेतलं असतं तर? कॉलेजच्या खिडकीतनं तो कारकून "निषेधवाले बाजूला व्हा" म्हणाला असता.

त्याच वर्षीच्या जनगणनेत कमिशनर हटन यांनी 'एक्स्टीरियर कास्ट्स', म्हणजे बाहेरच्या जाती, असा शब्द चालवला. ह्या जाती ओळखायच्या कशा? त्यासाठीचे प्रश्न त्या अहवालात आहेत. न्हावी, पाणक्या, शिंपी ह्यांचं काम करतो का. ह्यांच्या स्पर्शानं किंवा जवळ येण्यानं विटाळ होतो का. देवळात, रस्त्यावर, विहिरीवर, शाळेत बंदी आहे का. हे प्रश्न नीट वाचा. एकही प्रश्न आपण काय खातो, कुठल्या देवाला भजतो असा नाही. बहुतेक प्रश्न समोरचा आपल्याशी कसा वागतो ह्याचे आहेत.

आणि मग गंमत झाली. जागा वाटायची वेळ आली तसे सवर्ण पुढारी म्हणू लागले, आमच्या प्रांतात अस्पृश्य आहेतच कुठं? संयुक्त प्रांतात आणि बंगालमध्ये आकडे आकसायला लागले. हजारो वर्षं ज्यांना विहिरीवर माणूस बरोबर ओळखता येत होता त्यांना मतदारयादीत तो दिसेना. बाबासाहेबांनी हा प्रकार पुढं पुस्तकात लिहून ठेवलाय. १९३२ च्या ऑगस्टात जातीय निवाडा आला, स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. मग येरवड्याचं उपोषण, २४ सप्टेंबरचा पुणे करार, ७१ च्या जागी १४८ जागा, पण संयुक्त मतदारसंघात. तो सगळा इतिहास तुम्हाला पाठ आहे, मी उगाळत नाही. मला एवढंच दाखवायचंय की १४८ जागांवर उभं कोण राहणार हे ठरवायला बिनतोड कागद लागत होता. कुणी अस्पृश्य आहे की नाही ह्यावर दर गावी वाद घालत बसणं परवडणार नव्हतं.

तो कागद म्हणजे शेड्यूल. १९३५ च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' हा शब्द पहिल्यांदा आला, आणि त्याची व्याख्याही कायद्याच्या पोटात नाही, मागच्या पहिल्या शेड्यूलच्या २६ व्या परिच्छेदात आहे. व्याख्या काय, तर पूर्वी ज्यांना डिप्रेस्ड क्लासेस म्हणत त्यांच्याशी जुळणाऱ्या, राजाच्या कौन्सिलला वाटतील त्या आणि कौन्सिल नमूद करील त्या जाती. झालं. दाबणारा गेला, विहीर गेली, विटाळ गेला. उरला राजा आणि त्याची चिठ्ठी. ३० एप्रिल १९३६ ला हुकूम निघाला आणि त्याला प्रांतवार नावं जोडली. त्याच हुकुमात दोन अटी घातल्या होत्या. ख्रिस्ती माणूस ह्यात धरायचा नाही, आणि बंगालमध्ये बौद्ध किंवा आदिवासी धर्माचा माणूस धरायचा नाही. धर्माची पाचर १९५० साली मारली असं आपले वक्ते सांगतात. ती १९३६ ची आहे, इंग्रजानं मारलेली. १९५० ला ती आणखी आत ठोकली.

शब्द असा पोकळ निघाला. पण पोकळ शब्दाचा फायदाही असतो, त्यात शिवी बसत नाही. समोर दुसरा शब्द तयारच होता, हरिजन. १९३३ पासून गांधीजींचं साप्ताहिक त्याच नावानं निघत होतं. १९३८ च्या जानेवारीत मुंबईच्या विधिमंडळात काँग्रेस सरकारनं लोकल बोर्डांच्या दुरुस्तीत आपल्याला 'हरिजन' म्हणायचं ठरवलं. स्वतंत्र मजूर पक्षाच्या आमदारांनी विरोध केला, दादासाहेब गायकवाड त्यावर बोलले, आणि सरकार ऐकत नाही म्हटल्यावर बाबासाहेबांसकट सगळे सभागृहातून उठून गेले. देवाची लेकरं होण्यापेक्षा कागदावरची यादी बरी, असा तो हिशेब. दयेवर दावा लावता येत नाही. यादीवर लावता येतो.

म्हणूनच १९४२ च्या जुलैत नागपूरला नवा पक्ष काढला तेव्हा नाव ठेवलं ऑल इंडिया शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. राजानं दिलेला कागदी शब्द उचलला आणि निळ्या झेंड्यावर चढवला. आमच्याकडची म्हातारी माणसं "मी फेडरेशनचा" असं छातीवर हात ठेवून सांगायची, 'फेडरेशन' म्हणताना जीभ अडखळली तरी. १९४३ साली सरकारी नोकऱ्यांत ८.३३ टक्के आणि १९४४ साली मॅट्रिकनंतरची स्कॉलरशिप सुरू झाली ती ह्याच यादीच्या जोरावर. पण बाबासाहेब शब्द किती जपून वापरत ते बघा. सरकारला द्यायच्या निवेदनावर ते शेड्यूल्ड कास्ट्स लिहितात, १९४७ चं 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' फेडरेशनच्या वतीनं आहे. पण जगाला आपली हकीकत सांगायला बसले की पुस्तकाच्या नावात 'अनटचेबल्स' घालतात, १९४५ ला एकदा, १९४८ ला परत. हक्क मागताना यादीचं नाव, गुन्हा सांगताना गुन्ह्याचं नाव. आपण आज दोन्हीकडं एकच शब्द वापरतो आणि मग पुढच्याला काही लागत नाही.

इथं एक चूक दुरुस्त करतो, कारण आपल्याच सभांतून ती ऐकतो. 'घटनेच्या अनुसूचीत आमची जात आहे' असं भाषणात म्हणतात. नाही. घटनेला सुरुवातीला आठ अनुसूच्या होत्या, आज बारा आहेत, त्यातल्या एकीतही आपली जात नाही. पाचवी-सहावी आदिवासी क्षेत्रांची, आठवी भाषांची. कलम ३४१ एवढंच म्हणतं की राष्ट्रपतींनी जाती जाहीर कराव्यात, आणि नंतर त्यात घालायचं-काढायचं ते फक्त संसदेनं. नावं आहेत ती १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या हुकुमाला टाचलेल्या यादीत. तेव्हा आजी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे: पहिली राजानं केली, मग राष्ट्रपतींनी, आता बदलायची तर दिल्लीच्या संसदेत हात वर व्हावे लागतात.

ही यादी राज्यागणिक वेगळी. १९७६ पर्यंत तर एकाच राज्यात ह्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यात नाही असंही चालायचं. त्या वर्षी कायदा करून राज्याच्या आतल्या बऱ्याचशा हद्दी काढल्या. राज्याची हद्द मात्र राहिली. मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजातल्या प्रवेशावरून सुप्रीम कोर्टानं १९९० साली सांगितलं की एका राज्यात यादीत असलेला दुसऱ्या राज्यात गेला तर तिथं तो यादीतला धरायचा नाही. अस्पृश्यता गाडीत बसून त्याच्याबरोबर येते, शेड्यूल स्टेशनावरच उतरतं.

जाता जाता एक. शहरात बँकेच्या पाटीवर बारीक अक्षरात 'शेड्यूल्ड बँक' लिहिलेलं बघा. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्याच्या दुसऱ्या शेड्यूलमध्ये तिचं नाव असतं. म्हणजे हा शब्द आपल्याला मिळाला त्याच्या आदल्याच वर्षी बँकांना मिळाला. बँक तो पाटीवर मिरवते, लोक म्हणतात भरवशाची आहे, पैसे ठेवा. आपल्या पोराला तोच शब्द लागला की म्हणतात सरकारचा जावई. शब्दात काही नसतं ह्याला आणखी काय पुरावा पाहिजे?

आणि २०१८. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं त्या वर्षी 'दलित' शब्दाबद्दल विचार करायला सांगितलं आणि ऑगस्टमध्ये दिल्लीच्या माहिती खात्यानं टीव्हीवाल्यांना सल्ला धाडला की यादीतल्या लोकांबद्दल 'दलित' म्हणू नका, 'शेड्यूल्ड कास्ट' म्हणा. १९७२ पासून पँथरनं घराघरात नेलेला शब्द. त्यात दळलेला आहे म्हणून दळणाराही आहे. सरकारला तो टोचतो आणि चिटोऱ्याचा टोचत नाही, ह्यात मला नवल वाटलं नाही.

आता धर्माची गोष्ट. मुद्दाम मागं ठेवली, कारण ती लिहायला जड जाते.

१९५० च्या हुकुमाचा तिसरा परिच्छेद म्हणत होता, हिंदूखेरीज कुणी ह्या यादीत धरायचा नाही. शिखांमधल्या चार जातींना पंजाबात सूट होती, १९५६ साली सगळ्या शिखांना मिळाली. त्याच १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूर झालं. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध होते अडीच हजाराच्या आसपास, १९६१ ला जवळजवळ २८ लाख. आणि हे २८ लाख यादीच्या बाहेर. १९६० ला महाराष्ट्र झाल्यावर राज्यानं आपल्या सवलती नवबौद्धांना दिल्या, पण केंद्राच्या नोकऱ्या आणि राखीव मतदारसंघ बंद. डॉ. डी. पी. मेश्राम १९६२ ला नागपूरच्या राखीव जागेवरून आमदार झाले होते. १९६५ ला सुप्रीम कोर्टानं ती निवड रद्द धरली, कारण ते बौद्ध झालेले. घटनेच्या २५ व्या कलमात हिंदू शब्दात बौद्धही धरलेत, हा मुद्दा कोर्टापुढं होता. कोर्ट म्हणालं, इथं हिंदू म्हणजे जाती मानणारा सनातनी धर्म. बघा, आपण सभेत जे बोललो की लोक अंगावर येतात ते देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं लिहून दिलं. आपण जिंकलो तो मुद्दा, आणि त्याच मुद्द्यावर आपली जागा गेली.

आमचे आबा १९५६ ला नागपूरला गेले होते. आल्यावर देव्हारा नदीत सोडला. शाळेत माझं नाव घालताना त्यांनी बौद्ध सांगितलं, गुरुजींनी परस्पर 'हिंदू महार' लिहिलं. ते बदलायला आबांनी तीन खेपा घातल्या, बदललं नाही. १९७९ ला मी केंद्राच्या एका खात्यात कारकुनाच्या जागेला अर्ज करायला गेलो. तिथला आपलाच एक भला माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाळा, बौद्ध लिहिलंस तर गेलास. दाखल्यावर हिंदू महार आहे ना, तेच लिही. सगळे लिहितात." घरात बहिणी शाळेत, आबांचा दमा. मी लिहिलं. नोकरी लागली. आबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "पहिल्या पगारातनं धाकटीची फी भर."

आपल्यातल्या ज्यांनी असं लिहिलं त्यांना नंतरच्या काही पोरांनी सभेत गद्दार म्हटलेलं मी ऐकलंय. ज्यांनी लिहिलं नाही आणि मजुरी करत राहिले, त्यांच्यापुढं मी मान खाली घालतो. पण लिहिणाऱ्यांना शिव्या देण्याआधी त्या परिच्छेदाला द्या. चौतीस वर्षं तो उंबऱ्यावर बसला होता. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेल्या आपल्या भावांच्या उंबऱ्यावर तो आहेच. २०२२ ला केंद्रानं त्यासाठी न्या. बालकृष्णन आयोग नेमला, म्हणजे बहात्तर वर्षांनी चौकशी.

१९९० ला, व्ही. पी. सिंगांच्या राज्यात, परिच्छेदात 'बौद्ध' शब्द घातला. ऑफिसात आम्ही पेढे वाटले. सर्व्हिस बुकात धर्म बदलून घ्यायला अर्ज दिला. आजी तेव्हा नव्हती. आबांना दाखवायला म्हणून मी यादीची प्रत घरी नेली. त्यांनी चष्मा लावला आणि महाराष्ट्राच्या रकान्यावर बोट ठेवून सावकाश वाचत खाली आले. महार, मेहरा, तराळ, धेगू मेगू. तिथं बोट थांबलं.

"ह्यात बौद्ध कुठाय?"

"ते वर आहे आबा, तिसऱ्या परिच्छेदात. इथं जात लागते."

"म्हंजी दोन्ही लिवायचं?"

"दोन्ही."

त्यांनी परत एकदा वाचलं, पहिल्यापासून, आणि कागद माझ्याकडं दिला.